अंगावर काढलेला गुडघा

एका जंगलात, मुलांनो, तरणा नर कधी आजारी पडत नसे. मरत मात्र असे.

त्यामुळे तिथे म्हाताऱ्या माद्या पुष्कळ होत्या आणि म्हातारा नर बघायचा म्हटलं तर डोंगर उतरून पलीकडच्या जंगलात जावं लागे. कुणी गेला की शेजारीपाजारी म्हणत, "काय सांगावं, अगदी धडधाकट होता." धडधाकट होता तर गेला कसा, हे विचारायची त्या जंगलात पद्धत नव्हती. तुम्हीही मध्ये विचारू नका. नीट मांडी घालून बसा. बसता येणं ही केवढी गोष्ट आहे, हे पुढे कळेलच.

आता तुम्ही म्हणाल, तिथे दवाखाना नसेल. होता की. ओढ्याकाठच्या उंबराखाली एक अस्वलीण दवाखाना चालवत होती. तिला सगळं जंगल डॉक्टरीणबाई म्हणे. नखं लांब पण हात हलका, औषध कडू आणि जीभ त्याहून कडू, अशी बाई. तरणे नर तिच्या दारात रोज दिसत. कुणी आईला घेऊन आलेला असे, कुणी बायकोला, कुणी पिल्लाला. पेशंट आत आणि हे बाहेर, दवाखान्याकडे पाठ करून, आपण सहज इकडून चाललो होतो अशा चेहऱ्याने उभे.

मग त्यांना स्वतःला काही झालं तर?

ते अंगावर काढत.

हा शब्द तुमच्याही घरात असेल. बाबांना खोकला होतो, तो जात नाही, आणि आई म्हणते, "किती अंगावर काढणार आहात?" बाबा म्हणतात, "काही नाही गं, जरासं आहे." आणि पुन्हा खोकतात. तर मुलांनो, माणसं नुसती बोलतात. त्या जंगलातले नर बोलल्याप्रमाणे वागत. ते दुखणं खरोखरच अंगावर काढून घेत. म्हणजे, चित्र.

हे काम साळबा नावाचं साळिंदर करी. पाठीवरचा एक काटा उपसायचा, दगडावर घासून त्याला टोक काढायचं, गिऱ्हाइकाच्या कातडीवर रेघा ओढायच्या आणि वरून पांढरी माती चोळायची. ज्याच्या छातीत कळ येई, तो छातीवर काळीज काढून घेई. ज्याचा दात किडला, तो गालावर दात. ज्याच्या अंगावर जास्त चित्रं, तो जास्त मर्द. चित्र काढून दुखणं थांबत नसे, पण दुखण्याबद्दल कुणी बोलतच नसे. सगळे चित्राबद्दल बोलत.

याच जंगलात हंबीर नावाचा एक गवा राहत होता. खांदे भरलेले, शिंगं कमानदार, चालला की जमीन त्याला वाट करून देते असं वाटावं. बायको सगुणा, नुकताच संसार थाटलेला. त्याची अडचण एकच होती. त्याला काहीच होत नव्हतं.

चिखलाच्या डबक्यावर रोज दुपारी तरण्या नरांचा अड्डा भरे. तिथे दगडू नावाचा रानडुक्कर सगळ्यांत मोठा. त्याच्या अंगावर बोटभर जागा मोकळी नव्हती. तो एके दिवशी हंबीरला सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रं, तुजं अंग अजून कोरंच?"

"काय दुखतच न्हाई गड्या," हंबीर म्हणाला.

"दुखत न्हाई म्हंजे? बाप्या हाईस न्हवं?"

सगळे हसले. हंबीरही हसला, पण त्याच्या मनाला ते लागलं. इतका मोठा देह आणि त्यावर एक दुखणं नाही, याची त्याला प्रथमच लाज वाटली. संध्याकाळच्या आत तो साळबाच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"काय काढू?" साळबाने विचारलं.

"काय काय हाय?"

"पाठीवर मणका मस्त भरतो. छातीतली कळ चांगली उठून दिसती. डोकं कुनी काढून घेत न्हाई, ते बायकांचं दुखनं म्हनत्यात. आन् मनाचं काय असंल तर ते मला येत न्हाई. त्याला आकार न्हाई, गिऱ्हाईक बी न्हाई."

हंबीरने विचार केला आणि गुडघा निवडला. गुडघा हे अब्रूदार दुखणं आहे. झुंजीत मार लागल्याशिवाय तो दुखत नाही, असा सगळ्यांचा समज असतो.

"बस मग," साळबा म्हणाला.

आणि हंबीर बसला.

मुलांनो, साळिंदराच्या अंगणात कधी न बघता बसू नये. एक तुटका काटा तिथे मातीत टोक वर करून उभा होता. तो हंबीरच्या शेपटीच्या बुडाशी शिरला. अगदी मधोमध नाही, पण मधोमधपासून फार लांबही नाही. हंबीरच्या डोळ्यांपुढे अंगणातली सगळी झाडं एकदम फिरली.

साळबा तेव्हा गुडघ्यावर पहिली रेघ ओढत होता. त्याने वर बघितलं. हंबीरच्या डोळ्यांत पाणी.

"दुखतंय?"

"छ्या."

"हू न्हाई का चू न्हाई," साळबा कौतुकाने म्हणाला. "असं गिऱ्हाईक पायजे."

अशा रीतीने हंबीरला खोटं दुखणं काढून घेता घेता खरं दुखणं मिळालं. तेही असं की अंगावर काढता येईना. काढणार कुठे, आणि दाखवणार कुणाला?

तो घरी आला आणि उभा राहिला. सगुणा गवतावर बसली होती. तिने चित्र बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"अवो, टेका की जरा."

"गुडघा धरलाय. वाकत न्हाई."

"मग उद्या डॉक्टरीणबाईकडं जाऊया."

"काय न्हाई गं. जरासं हाय. सुटंल आपोआप."

एरवी तो सगुणाला सगळं सांगे. पोहता येत नाही हेही त्याने फक्त तिलाच सांगितलं होतं. पण हे सांगायचं म्हणजे आधी जागा सांगायची, मग गुडघ्याचं खोटं सांगायचं. एका लाजेखाली दुसरी लाज. तो एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभा राहिला.

काटा आतच होता. हळूहळू तिथे गाठ धरली. मग ठणका लागला. हंबीर उभ्याने चरू लागला, उभ्याने रवंथ करू लागला, उभ्याने डुलक्या घेऊ लागला. डबक्यावर गेला तरी चिखलात न लोळता काठावर उभा राही.

आता तुम्हाला वाटेल की सोबत्यांच्या हे लक्षात आलं असेल. आलं ना. दगडू म्हणाला, "बघा रं. गुडघा असा धरलाय, तरी गडी बसत न्हाई."

ही बातमी कावळ्यांनी सगळीकडे नेली. त्या जंगलातल्या कावळ्यांचं एकच व्रत होतं, आलं तसं पुढे पाठवणं. त्यांनीच गुडघ्यावर उपायही फिरवले. कुणी सांगितलं, अनशापोटी निंबाचा पाला खा. कुणी सांगितलं, पहाटे उत्तरेकडे तोंड करून गुडघा ओढ्यात बुडव. हंबीरने सगळं केलं. गुडघा अतिशय सुधारला, कारण तो मुळात चांगलाच होता.

थोड्याच दिवसांत तरण्या नरांनी ठरवलं की आपल्या मंडळाचा अध्यक्ष हंबीरच हवा. दगडूने सगळ्यांना समजावून सांगितलं, "आजवर जितकं अध्यक्ष झालं, तितकं खुर्चीवर बसलं. ह्यो बसणारच न्हाई. ह्येला खुर्चीचा मोहच न्हाई."

खुर्ची म्हणजे एक सपाट दगड होता. हंबीरने त्या दगडाकडे बघितलं. त्याला त्या दगडाचा इतका मोह होता की त्याचे डोळे पुन्हा भरून आले. लोकांना वाटलं, पदाची जबाबदारी जाणवली.

अध्यक्ष झाल्यावर समाजकार्य आलं. मंडळाने डॉक्टरीणबाईला गाठून आरोग्य शिबिर भरवलं. सगळ्यांची मोफत तपासणी. तरण्या नरांनी काय राबावं म्हणता. त्यांनी सावलीसाठी फांद्या तोडल्या, पाणी भरलं, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आणलं, रांगा लावल्या. तपासून मात्र एकानेही घेतलं नाही, कारण ते कार्यकर्ते होते. हंबीरने उद्घाटनाचं भाषण केलं. शरीराकडे दुर्लक्ष करू नका, असं त्याने कळकळीने सांगितलं आणि ते बोलताना त्याला अंगात कणकण जाणवत होती.

भाषण झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाली, "बसा अध्यक्ष."

"उभाच बरा."

"सकाळपासून बघतेय. कशाने उभे आहात?"

"गुडघा." हंबीरने पाय पुढे केला. "अंगावर काढलाय."

बाईने चित्राकडे ढुंकूनही बघितलं नाही. गुडघा दाबला, वाकवला, सोडला. "गुडघा उत्तम आहे. इतका उत्तम गुडघा मी या जंगलात बघितला नाही. आता मागे वळा आणि शेपटी वर करा."

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. शेळपट म्हणून ओळखला जाणारा ससासुद्धा कान टवकारून बघू लागला.

बाईने आवाज खाली आणला. "हे बघा, तुम्हाला ताप आहे. डोळे सांगतायत. काटा असेल तर ओढीन, पू असेल तर काढून टाकीन. तुम्ही काय झालं म्हणायच्या आत होईल. पडद्याला फांदी धरते हवं तर."

हंबीरला वाटलं, वळावं. खरंच वाटलं, मुलांनो, हे मला त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्याने मान थोडी वळवलीही. पण मान वळवल्यावर समोर दगडू दिसला, आणि दगडूच्या मागे सगळं मंडळ.

"आधी आयाबायांचं बघा," हंबीर मोठ्याने म्हणाला. "आमचं काय, आमी नंतर."

मंडळाने पाय आपटून दाद दिली. बाईने पुढच्या म्हातारीला आत घेतलं.

शिबिरानंतर हंबीरची भूक गेली. ठणका आता पाठीतून मानेपर्यंत जाई. सगुणा रोज म्हणे, "माझ्यासाठी तरी चला," आणि तो रोज म्हणे, "उद्या." शेवटी एका टळटळीत दुपारी, सगळं जंगल सावलीला पडलेलं असताना, तो एकटाच ओढ्याच्या कडेने निघाला. उंबर दिसू लागला. डॉक्टरीणबाई पाला वाटत बसली होती. दारात कुणी नव्हतं. फक्त करवंदीची एक जाळी ओलांडायची होती.

त्या जाळीत दगडू दडून बसला होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दगडूचा एक गाल सुजून डोळ्याला टेकला होता. गालावर साळबाने काढलेला दातही त्याबरोबर सुजून मोठा झाला होता.

"तू हितं?" हंबीरने विचारलं.

"आईसाठी चूर्ण न्यायाला आलोय," दगडू म्हणाला. "आन् तू?"

"मी बी. आईसाठीच."

दगडूने सुजलेला गाल पलीकडे फिरवला.

"तुजी आई तर मागल्या उन्हाळ्यात वारली की," हंबीर म्हणाला.

"तिचंच राहिलेलं चूर्ण," दगडू म्हणाला. "आन् तुजी तर पलीकडच्या जंगलात असती."

"तिकडं धाडायचंय."

त्या वेळी दोघांपैकी एकाने जरी म्हटलं असतं, 'गड्या, मला लई दुखतंय,' तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तात्पर्यही सरळ निघालं असतं. पण दोघांनाही समोरच्याची अब्रू फार प्रिय होती. दगडू म्हणाला, "चल, उशीर झाला." हंबीर म्हणाला, "चल." आणि दोघे जण चांगल्या मित्रांसारखे बरोबरीने परत फिरले. वाटेत दगडूने सांगितलं, "तुजा सत्कार ठरवलाय. अखंड उभं राहिल्याबद्दल."

सत्काराला माळावर सगळं जंगल लोटलं. सागाच्या दोन झाडांना वेली बांधून कमान केली होती. हंबीर त्या दोन बुंध्यांच्या मध्ये नेमका मावला, आणि त्याला बरं वाटलं, कारण दोन्हीकडून टेकू मिळाला. गळ्यात रानफुलांचा हार पडला. भाषणं सुरू झाली.

"आज आपण सगळी बसलोय," दगडू सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "पण एक गडी उभा हाय."

हंबीरला भाषण ऐकू येत होतं आणि नव्हतंही. अंगाची काहिली होत होती. समोर बायकांमध्ये सगुणा बसली होती, ऐनाच्या झाडाखाली, पाय दुमडून, निवांत. तिच्या शेजारी एक जागा मोकळी होती. ती तिने नेहमीप्रमाणे त्याच्यासाठी धरून ठेवलेली असणार. हंबीरला सत्कार नको होता, हार नको होता. त्याला फक्त तिच्या शेजारी जाऊन बसायचं होतं.

कार्यक्रम संपला की सांगू, असं त्याने ठरवलं. वाक्यही मनात जुळवलं. 'सगुणे, गुडघा न्हाई गं.' एवढं म्हटलं की पुढचं ती विचारील. ती विचारतेच.

भाषणं लांबली. त्यातल्या कुठल्या भाषणात हंबीर गेला ते नक्की सांगता येत नाही, कारण सगळी सारखीच होती.

तो उभाच होता. वक्ते त्याच्याकडे बघून बोलत होते. "बघा, अजून उभा हाय," असं एकाने म्हटलं, तेव्हा सगळ्यांत जास्त दाद मिळाली. सगुणाला मात्र त्याच्या डोळ्याजवळ माशी बसलेली दिसली. माशी उठेना. त्याचा कान हलेना. ती बायकांमधून उठली आणि सरळ कमानीपाशी गेली.

"अवो," ती म्हणाली. मग त्याच्या मानेला मान लावली आणि तशीच राहिली. बऱ्याच वेळाने ती दगडूला म्हणाली, "बसवा ह्येंना खाली."

"वैनी," दगडू आदराने म्हणाला, "अध्यक्ष बसत न्हाईत."

सगुणाने खांदा लावून एक धक्का दिला. बुंध्यांना बांधलेल्या वेली तुटल्या आणि हंबीर खाली आला. सत्कारातलं एवढंच काय ते त्याला हवं होतं, आणि तेवढंच सगळ्यांत शेवटी मिळालं.

डॉक्टरीणबाईला बोलावलं. तिने गुडघ्याकडे बघितलंच नाही. ती मागे गेली आणि तिने शेपटी वर केली. या वेळी अध्यक्षांनी हरकत घेतली नाही. नखांच्या चिमटीत धरून तिने काटा ओढला आणि सगुणापुढे धरला.

"एवढ्यानं?" सगुणाने विचारलं.

"एवढ्याने," बाई म्हणाली. मग ती खाली बसली आणि रागाने रडू लागली. तिला रडताना त्या जंगलाने पहिल्यांदाच बघितलं.

दुःखाचे दिवस सरल्यावर सगुणा तो काटा तोंडात धरून डबक्यावर गेली. मंडळ तिथे उदास लोळत पडलं होतं. तिने काटा सगळ्यांच्या पुढे टाकला.

"ह्यो बघा. गुडघा नव्हताच. ह्यो होता, आन् शेपटीखाली होता. सांगायची लाज वाटली म्हणून माजा नवरा गेला. त्यो बसला असता तरी मला चाललं असतं. मला बसलेलाच पायजे होता." तिने काटा खुराने पुढे लोटला. "त्यो गेला. तुमी तरी जावा बाईकडं."

चितळाने खाली बघितलं. कोल्ह्याने पोटावर पाय ठेवला. दगडूचा गाल आता गळ्यापर्यंत उतरला होता. त्याने उंबराच्या दिशेने बघितलं, आणि मग सगुणाकडे बघितलं. तो उठला. सगुणाला वाटलं, चला, एक तरी वाचला.

तेवढ्यात अड्ड्यावर आलेल्या साळबाने काटा उचलला, पुसला, उन्हात फिरवून बघितला.

"माजाच हाय ह्यो," तो हळू आवाजात म्हणाला. "हंबीररावांच्या अंगात राह्यलेला काटा. आता ह्या काट्यानं काढलेलं चित्र म्हंजे काय असंल, इचार करा."

सगळ्यांनी विचार केला. तो लवकर आटोपला. थोड्याच वेळात साळबाच्या अंगणापासून थेट माळापर्यंत रांग लागली. प्रत्येकाला एकच चित्र हवं होतं, उभा हंबीर. रांगेत सगळ्यांत पुढे दगडू होता. त्याला ते गालावरच हवं होतं, कारण तिथे आता जागा पुष्कळ झाली होती.

"बसू का?" दगडूने विचारलं.

"आता कुनी बसत न्हाई," साळबा म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, दुखणं नेहमी चारचौघांत दाखवता येईल अशाच जागी होऊ द्यावं. ते न जमल्यास खुशाल मरावं, पण उभ्याने मरावं, म्हणजे बाकीच्यांना बसून कौतुक करता येतं.